तज्ज्ञ डॉक्टर इंदूरलाच का, आणि जिल्ह्यात रात्रीचं सिझर कशाने होईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंची आतेबहीण बडवानी जिल्ह्यात राहते. तिचं पहिलं बाळंतपण सिझरने झालं होतं. दुसऱ्या खेपेला रात्री कळा सुरू झाल्यावर घरच्यांनी तिला जवळच्या सरकारी केंद्रात नेलं. तिथे थिएटर होतं, स्त्रीरोगतज्ज्ञही होत्या, पण भूल द्यायला कोणी नव्हतं, म्हणून इंदूरला रेफर केलं. ताई विचारतात: इंदूरला गीता भवनपासून पलासियापर्यंत पाटीला पाटी लागून स्पेशालिस्ट बसलेत, मग तिकडे एक भूलतज्ज्ञ का मिळत नाही? सरकार सक्ती का करत नाही? आणि तिकडे राहणाऱ्या आमच्या माणसांनी करायचं काय?

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की त्या रात्री केंद्रात डॉक्टर होत्या. कमी होता तो चमू. जागांच्या वाटपावर होणारी बहुतेक चर्चा इथेच चुकते. आपण "किती स्पेशालिस्ट नेमले" हे मोजतो. मोजायला हवं ते "चोवीस तासांत कुठलं काम पूर्ण होऊ शकतं" हे. सिझरसाठी एकाच वेळी पाच गोष्टी हजर लागतात: पोट उघडणारा हात, भूल देणारा हात, बाळाला श्वास लावणारा हात, थिएटरची प्रशिक्षित सिस्टर आणि जुळवलेलं रक्त. पाचातली एक नसली तर उरलेल्या चार असून नसल्यासारख्या. कागदावर मात्र चार जागा भरलेल्या दिसतात.

देशाची आकडेवारी पाहा. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये, म्हणजे सीएचसींमध्ये, गरजेच्या तुलनेत विशेषज्ञांची तूट 79.5 टक्के होती. शल्यविशारद 83.2 टक्के कमी, बालरोगतज्ज्ञ 81.6, फिजिशियन 79.1, स्त्रीरोगतज्ज्ञ 74.2. या चार शाखांच्या बेरजेत भूलतज्ज्ञ धरलेलाच नाही. त्याचा तक्ता वेगळा असतो. ज्याच्यावाचून शल्यविशारद आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांचेही हात बांधले जातात, तोच मुख्य आकड्यात दिसत नाही. माझ्या मते जिल्हा नियोजनाचा पहिला प्रश्न "भूलतज्ज्ञ कुठे आहेत" हा असायला हवा आणि बाकीच्या नेमणुका त्याभोवती रचायला हव्यात. प्रत्यक्षात उलटं घडतं: जिथे पद रिकामं तिथे माणूस, मग जोडीदार असो वा नसो.

आता ड्युटीचा हिशेब. आठवड्यात 168 तास असतात. एक माणूस 48 तास काम करतो असं धरलं, तर एका शाखेची चोवीस तास सेवा चालवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, कोर्टाच्या साक्षी, प्रशिक्षणं धरली की चार, आणि कोणी आजारी पडला तरी सेवा बंद पडू नये असं वाटत असेल तर पाच. स्त्रीरोग, भूल आणि बालरोग या तीन शाखांचे मिळून किमान बारा. सीएचसीत मात्र प्रत्येक शाखेचा एकच मंजूर असतो. तिघांची वेळ अगदी नीट जुळवली तरी 168 पैकी 48 तास थिएटर चालेल, आणि एक जण रजेवर गेला की शून्य. बाळंतपणाच्या कळा ड्युटीची वेळ पाहून येत नाहीत. दहापैकी सात बायका त्या 48 तासांच्या बाहेरच येणार. तेव्हा "आमच्या केंद्राला तिन्ही स्पेशालिस्ट मिळाले" ही बातमी वाचून समाधान मानू नका. तिघे मिळाले म्हणजे दिवसाची ओपीडी मिळाली, रात्रीचं सिझर नव्हे.

मग प्रत्येक सीएचसीला बारा जण द्यावेत का? तेही जमणार नाही, आणि कारण फक्त पैशाचं नाही. आदिवासी आणि डोंगराळ भागात एका सीएचसीमागे 80,000 लोकसंख्या धरतात, सपाटीच्या भागात 1,20,000. मध्य प्रदेशाचा जन्मदर हजारी साधारण 24 धरला तर 80,000 वस्तीत वर्षाला 1,900 च्या आसपास जन्म. त्यातल्या 10 ते 15 टक्के बायकांना सिझर खरोखर लागतं, म्हणजे 190 ते 290. यातल्या निम्म्या त्या केंद्रात आल्या तर आठवड्याला दोन-तीन शस्त्रक्रिया. आठवड्याला दोन-तीन शस्त्रक्रियांवर बारा तज्ज्ञांचा हात तयार राहत नाही. सिस्टरना ट्रॉली लावायची सवय राहत नाही, आणलेल्या रक्ताच्या पिशव्यांची मुदत संपते. कमी काम करणारं थिएटर हे धोक्याचं थिएटर असतं. हे गावकऱ्यांना सांगणं कठीण जातं, पण ते खरं आहे.

हाच हिशेब पाच लाख वस्तीला करून पाहा: वर्षाला 12,000 जन्म, 1,200 ते 1,800 सिझरची गरज, त्यातली निम्मी जरी सरकारी केंद्रात आली तरी दिवसाला दोन. इथे चमू टिकतो, शिकतो, एकमेकांना रजा देऊ शकतो. बडवानी जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 13.86 लाख होती. म्हणजे जिल्ह्यात अशी दोन किंवा तीन पूर्ण केंद्रं हवीत, एक जिल्ह्याच्या गावी आणि एक सेंधव्याच्या बाजूला, आणि ती खरोखर चोवीस तास चालायला हवीत. उरलेल्या सीएचसींनी साधी बाळंतपणं, धोक्याची वेळीच ओळख आणि रुग्ण स्थिर करून पुढे पाठवणं हे काम उत्तम करावं. शस्त्रक्रियेबाबत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2015 च्या आयोगाने लावलेली मोजपट्टी मला याच कारणासाठी पटते: सिझर, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचा उपचार, हे तिन्ही करणारं ठिकाण दोन तासांच्या आत असावं. तालुक्याला पाटी आहे की नाही, यापेक्षा दोन तासांत थिएटरचं टेबल मिळतं की नाही, हे विचारा.

सेंधव्याहून इंदूर साधारण दीडशे किलोमीटर. जुलवानिया, ठीकरी, खलघाटला नर्मदा, धामनोद, मग माळव्याचा घाट चढून मानपूर, महू. रात्री ट्रकांच्या रांगेत हा रस्ता दोन तासांत होत नाही. जुनी सिझरची जखम असलेल्या गर्भाशयात कळा चालू असताना तर हे अंतर फारच जास्त आहे.

आता तज्ज्ञ इंदूरला का गोळा होतात ते. "पैशाच्या मागे लागलेत" एवढ्याने उत्तर संपत नाही, आणि तसं म्हटल्याने उपायही सापडत नाही.

पहिलं कारण शिक्षणाचं ठिकाण. एमडी किंवा एमएसची तीन वर्षं ज्या शहरात जातात, तिथेच ओळखी, वरिष्ठ, प्रयोगशाळा, औषधवाले सगळे जुळतात. बहुतेक जण तिथेच बसतात. माळवा-निमाडात पिढ्यान्‌पिढ्या हे शिक्षण म्हणजे इंदूरचं एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं एमवाय रुग्णालय. रतलाम आणि खंडव्याला 2018 मध्ये, मंदसौर आणि नीमचला 2024 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. याचा खरा परिणाम इमारत झाल्यावर दिसत नाही. तिथे पदव्युत्तर जागा भरून त्यांच्या दोन-तीन तुकड्या बाहेर पडल्यावर दिसतो. त्याला आठ-दहा वर्षं लागतात.

दुसरं, शाखा जितकी बारीक तितकी वस्ती मोठी लागते. बालहृदयरोगतज्ज्ञाला पुरेसे रुग्ण मिळायला फार मोठी वस्ती हवी, साध्या फिजिशियनला त्यामानाने लहान वस्ती पुरते. म्हणून सुपरस्पेशालिस्ट मोठ्या शहरात असणं मला गैर वाटत नाही. फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हेही तिथेच असणं मात्र खुपतं.

तिसरं कारण घरचं: जोडीदारही डॉक्टर असतो, त्याला त्याच गावात काम हवं, मुलांना शाळा हवी. एका जोडप्याला एकाच ठिकाणी नेमलं की दोन पदं एका निर्णयात भरतात. तो स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ती भूलतज्ज्ञ अशी जोडी असेल तर अर्धा चमू तयार. अशा अर्जांना बदलीच्या वेळी आधी हात लावायला हवा; पैसा न लागणारा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चौथं कारण बाहेरच्यांना दिसत नाही: एकटेपणाची भीती. रात्री दोनला रक्तस्राव थांबत नाही, शेजारी दुसरा सर्जन नाही, आयसीयू नाही, बाहेर पन्नास माणसं जमलेली. बाई दगावली तर दार फोडलं जाणार हे त्या तरुण डॉक्टरला माहीत असतं. पगार दुप्पट केला तरी ही भीती जात नाही. दुसरा सहकारी दिला की जाते.

आणि सरकारी खात्याची आपली गाठ. मध्य प्रदेशात विशेषज्ञांची पदं प्रामुख्याने वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बढतीतून भरायची पद्धत होती. 30 एप्रिल 2016 रोजी उच्च न्यायालयाने 2002 चे पदोन्नती नियम रद्द केले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि बढत्या वर्षानुवर्षे अडकल्या. परिणामी एमडी झालेला माणूस कागदावर साधा वैद्यकीय अधिकारी म्हणूनच राहिला, आणि त्याची पदवी न पाहता त्याला कुठेही नेमता येऊ लागलं.

सक्तीचं म्हणाल तर ती आहे. सरकारी महाविद्यालयातून पदव्युत्तर झालेल्यांना एक वर्ष बॉण्डची सेवा द्यावी लागते. ती अपुरी पडते, कारण ती एकेकट्याला लावली जाते. नव्या भूलतज्ज्ञाला सर्जन नसलेल्या केंद्रात पाठवलं की तो वर्षभर तापखोकल्याची ओपीडी करतो, उरलेल्या वेळात सुपरस्पेशालिटीच्या परीक्षेचा अभ्यास करतो आणि निघून जातो. केंद्राला काही मिळालं नाही, त्याचा हातही गंजला. मागे एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचं 18 आठवड्यांचं प्रशिक्षण देण्याची योजना आली. कल्पना उत्तम होती. पण देशात बऱ्याच ठिकाणी शिकून आलेल्यांची बदली जिथे सिझर करणारं कोणी नाही तिथे झाली आणि शिकलेलं वाया गेलं. चूक दर वेळी तीच: माणूस पाठवला, जोडी पाठवली नाही.

बॉण्ड लावायचाच तर असा लावावा. एमजीएमसारख्या महाविद्यालयाच्या स्त्रीरोग, भूल आणि बालरोग विभागांनी मिळून एक केंद्र दत्तक घ्यावं. बॉण्डवाले तिथे गटाने जावेत, पुढचा गट हजर झाल्याशिवाय आधीच्याने सुटू नये, आणि विभागातल्या एका वरिष्ठाचा फोन चोवीस तास त्यांच्यासाठी उघडा असावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करण्याचा नियम आता आहेच. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात ते जातात. त्यांच्या तारखा बॉण्डवाल्यांच्या तारखांशी जुळवल्या तरी बराच फरक पडेल. दुसरी खरी आशा राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या डिप्लोमांची. भूल, स्त्रीरोग, बालरोग यांचे हे डिप्लोमा किमान 100 खाटांच्या रुग्णालयात चालू शकतात, म्हणजे जिल्हा रुग्णालयातच. जिल्ह्यात शिकलेला माणूस जिल्ह्यात टिकण्याची शक्यता जास्त, आणि शिकत असताना तो तिथे चोवीस तास राहतोच.

रक्ताबद्दल थोडं सविस्तर, कारण चमू जुळूनही थिएटर इथेच अडतं. लहान केंद्राला स्वतःची रक्तपेढी लागत नाही. मोठ्या रक्तपेढीशी जोडलेलं रक्त साठवण केंद्र पुरतं, आणि वर्षाला 2,000 युनिटांपर्यंत त्याला रक्तपेढीसारखा पूर्ण परवानाही लागत नाही, परवाना प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. रक्तपेशींची पिशवी 2 ते 6 अंशांत ठेवावी लागते, रक्त गोठू न देणाऱ्या नेहमीच्या सीपीडीए द्रावणात ती 35 दिवस टिकते. निमाडच्या उन्हाळ्यात लाइट गेली आणि जनरेटर उशिरा सुरू झाला की सगळा साठा बाद. फ्रिज सुरू असेल तर रात्री क्रॉसमॅच करणारा, म्हणजे रक्त जुळवून पाहणारा, तंत्रज्ञ नसतो. तोही असेल तर ओ निगेटिव्ह नसतं. एखाद्या केंद्राची खरी स्थिती पाहायची असेल तर रक्ताच्या फ्रिजवरचा तापमानाचा तक्ता मागा. दिवसातून ठरल्या वेळी नोंद आहे की महिनाभराची एकाच पेनाने एकाच बैठकीत भरली आहे, हे लगेच दिसतं.

सोनोग्राफीचं मशीन कुलपात का असतं, हाही नेहमीचा प्रश्न. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा 1994 चा. 2012 च्या नियमबदलाने एका डॉक्टरची सोनोग्राफीसाठी नोंदणी एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर होते आणि तिथल्या त्याच्या वेळा नमूद कराव्या लागतात. म्हणजे एकच रेडिओलॉजिस्ट आठवडाभर पाच तालुक्यांत फिरवायचा हा मार्ग कायद्याने बंद आहे. यावर उपाय एमबीबीएस डॉक्टरांसाठीच्या सहा महिन्यांच्या मान्य प्रशिक्षणाचा. मशीन खरेदी करण्याआधी त्या प्रशिक्षणाला कोण जाणार ते ठरायला हवं. नंतर ठरवलं की मशीन वॉरंटी संपेपर्यंत कुलपात.

प्रत्येक गोष्टीला स्पेशालिस्ट लागतो असंही नाही, आणि हे समजलं तर निम्मी धावपळ वाचते. सर्पदंशाला विषरोधक लस सीएचसीत, बऱ्याच प्राथमिक केंद्रांतही असते. विषबाधेची लक्षणं दिसली की 8 ते 10 कुप्यांनी सुरुवात करायची आणि रक्त गोठतंय का हे काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटं ठेवून पाहायचं. हे एमबीबीएस डॉक्टर करतो आणि त्यानेच करायला हवं. डायलिसिसचंही तसंच. 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमापासून जिल्हा रुग्णालयांत मशीन आली. चार-चार तासांची सत्रं तंत्रज्ञ चालवतो आणि नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाचा तज्ज्ञ, दुरून देखरेख करतो. झाबुआ-अलीराजपूरचा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पाहा: निदान पक्कं झालं, हायड्रॉक्सियुरियाचा डोस मोठ्या केंद्राने बसवून दिला की महिन्याच्या रक्ततपासण्या आणि औषध जिल्ह्यातच होऊ शकतं. जिथे तज्ज्ञाचं काम ठरवून देण्याचं असतं तिथे तो दूर असला तरी चालतं. जिथे काम हातांचं असतं तिथे चालत नाही. टेलिमेडिसिनचं यशापयश याच रेषेवर ठरतं. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, त्वचेचा आजार, मधुमेह, मानसोपचाराचा फेरतपास छान होतो. अडकलेलं बाळ बाहेर येत नाही.

आणि एक सूचना रविवारी गावोगाव जाणाऱ्या व्हिजिटिंग तज्ज्ञांबद्दल. तपासणीसाठी ही सोय फारच चांगली आहे. शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी मात्र एकच विचारा: सोमवारी रात्री पोट फुगलं, ताप आला किंवा टाक्यातून रक्त आलं तर इथे बघणारा सर्जन कोण, त्याचं नाव आणि नंबर काय? उत्तर "फोन करा" एवढंच असेल तर तीच शस्त्रक्रिया इंदूर-खंडव्याला, राहून करून घ्या.

आता घरच्यांनी काय करायचं. ताई, हे मी तुमच्या बहिणीपुरतं नाही, तिकडच्या सगळ्याच घरांसाठी लिहीत आहे.

आजार कुठला त्यावर "जवळच्या ठिकाणी थांबायचं की पुढे जायचं" हे ठरतं, आणि इथे लोक सर्रास उलटं करतात. छातीत दुखून घाम फुटला तर जवळच्या, ईसीजी असलेल्या सरकारी रुग्णालयात थांबा. दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. मोठा हार्ट अटॅक असेल आणि अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच, निघण्याआधी, शक्यतो पोचल्यापासून अर्ध्या तासात. सेंधव्याहून इंदूर तीन तासांवर असताना इंजेक्शन न देता गाडीत घालणं म्हणजे हृदयाचा स्नायू रस्त्यात घालवणं. सोबत अ‍ॅस्पिरिन 300 मिलिग्रॅम चावून. गुठळीच्या इंजेक्शनाचा, म्हणजे टेनेक्टेप्लेसचा, डोस वजनावर ठरतो: 60 किलोखाली 30 मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोंना पाच वाढवत 90 आणि वर 50, 75 वर्षांवरच्या रुग्णाला अर्धा डोस. आधी मेंदूत रक्तस्राव झालेला, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, रक्तदाब आवाक्याबाहेर, अशांना देत नाहीत. म्हणून ही माहिती घरच्यांनी न विचारताच सांगावी. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी घरी जायचं नाही. लगेच पुढे निघायचं, कारण तासा-दीड तासात ईसीजी सुधारला नाही तर तातडीची अँजिओप्लास्टी लागते, आणि सुधारला तरी 24 तासांच्या आत अँजिओग्राफी हवी.

लकव्याचं बरोबर उलट. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, असं झालं तर सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी थांबूच नका. तिथे दिलेली सलाईन वेळ खाते. गुठळीचं इंजेक्शन सीटीनंतरच देता येतं आणि ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत. "शेवटचं ठीक कधी पाहिलं" ही वेळ घड्याळ पाहून लिहून ठेवा. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची वेळ.

गरोदर बाईचं नियोजन आठव्या महिन्यातच संपलं पाहिजे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञाकडून तपासणी मोफत होते, ती चुकवू नका. आधीचं सिझर, जुळं, आडवं किंवा पायाळू बाळ, खाली असलेली वार, वाढलेला रक्तदाब, 7 च्या खाली हिमोग्लोबिन, यातलं काहीही असेल तर बाळंतपण कुठे हे कळा येण्याआधी ठरवायचं. केंद्रात जाऊन "इथे सिझर होतं का" असं विचारू नका, उत्तर "होतं" असंच येतं. "गेल्या महिन्यात रात्री आठ ते सकाळी आठ किती झाली" असं विचारा. उत्तर शून्य असेल तर ते केंद्र तुमच्यासाठी रात्री बंद आहे असं धरून चाला. अशा वेळी 38 वा आठवडा लागला की बाईने पूर्ण चमू असलेल्या गावी येऊन राहावं. इंदूरच्या मराठी घरांनी इथे पुढे व्हावं. माहेरचं, सासरचं, ओळखीचं कोणी ना कोणी सुदामानगरला, लोकनायक नगरला असतंच. दोन आठवड्यांचा पाहुणचार रात्रीच्या घाटापेक्षा कितीतरी सोपा.

रेफर होण्याची वेळ आलीच तर केंद्रातून निघण्याआधी चार गोष्टी पाहा. हातात सलाईनची जाड सुई लागलेली असावी. झटके किंवा फार वाढलेला रक्तदाब असेल तर मॅग्नेशियम सल्फेट दिलेलं असावं. किमान दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, हे सिस्टरही देऊ शकतात. प्रसूतीनंतर रक्तस्राव असेल तर ऑक्सिटोसिन आणि तीन तासांच्या आत ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड 1 ग्रॅम शिरेतून. आणि चिठ्ठीवर प्रत्येक औषधाची मात्रा व वेळ, रक्तगट, पाठवण्याचं नेमकं कारण. "उच्च उपचारासाठी रेफर" एवढंच लिहिलेली चिठ्ठी पुढच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि अर्धा तास जातो. पाठवणाऱ्या डॉक्टरनेच पुढे फोन करावा असा आग्रह धरा, आणि "बेड आहे का" याऐवजी "भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहे का, या गटाचं रक्त आहे का" असं विचारायला सांगा. बेड असून टेबल नसलेल्या रुग्णालयातून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, अशा फेऱ्यांतच बायका दगावतात. दोन रक्तदाते गाडीत बसवून न्या. 108 ची गाडी, सिझर, औषधं, रक्त, हे सारं सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून मोफत आहे. पैसे मागितले तर पावती मागा.

राज्याची सीमा मनातून काढून टाका. सेंधव्याला शिरपूर-धुळे, बुऱ्हाणपूरला जळगाव, झाबुआला दाहोद, अलीराजपूरला वडोदरा हे कित्येकदा इंदूरपेक्षा जवळ पडतं. सरकारी रेफर चिठ्ठी आणि 108 ची गाडी बहुधा राज्यातच फिरते, म्हणून सीमेपलीकडचा पर्याय घरच्यांना स्वतः ठरवून, गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवावा लागतो. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. फक्त ते रुग्णालय त्या उपचारासाठी संलग्न आहे का हे फोनवर विचारा. संलग्नता शाखेनुसार असते.

शेवटी, बदल घडवायचा तर दाद कुठे मागायची. रुग्ण कल्याण समिती ही कल्पना इंदूरची. 1994 मध्ये एमवायच्या साफसफाईच्या मोहिमेतून ती उभी राहिली आणि पुढे देशभर गेली. प्रत्येक सीएचसी आणि जिल्हा रुग्णालयाला अशी समिती असते, तिच्याकडे स्वतःचा निधी असतो, आणि त्यातून खासगी भूलतज्ज्ञाला केसमागे मानधन देऊन बोलावता येतं. जननी सुरक्षा योजनेत यासाठी सिझरमागे 1,500 रुपयांची तरतूद होती; आज त्या रकमेत रात्री दोनला घराबाहेर पडणारा भूलतज्ज्ञ मिळत नाही, म्हणून समितीने वर भर घालायला हवी. तिकडच्या नातेवाइकांना सांगा, समितीच्या बैठकीत नव्या इमारतीची किंवा मशीनची मागणी करू नका. तीन कागद मागा: रात्रीच्या सिझरचा महिनावार आकडा, भूल नसल्यामुळे रेफर झालेल्यांची यादी, आणि रक्ताच्या फ्रिजचा तापमान तक्ता. यादीत महिन्याला आठ-दहा नावं निघाली तर केसमागे मानधनाचा ठराव त्याच बैठकीत मांडा. रक्कम, बोलावल्यापासून पोचण्याची मुदत आणि पैसे किती दिवसांत मिळतील, हे तिन्ही ठरावात लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी ही सोय बंद पडते ती तिसऱ्या गोष्टीवर: सहा-सहा महिने बिल अडकतं आणि डॉक्टर फोन उचलणं थांबवतो.